मदत हवी आहे : आखाडातलं उरलेलं मटण आणि बटाटा तव्यावर खरपूस होत नाही, लगदा होतोय

जुळे_सोलापूर (मंगळवार, रात्री)

नमस्कार. रविवारी आमच्याकडे आखाडाचं जेवण होतं. नणंदेचं सासर, माझा भाऊ-भावजय, पोरंटोरं धरून २१ जणं यायची होती, म्हणून ३ किलो मटण आणलं. संध्याकाळी पाऊस लागला, दोन घरची माणसं आलीच नाहीत. रश्श्यासकट बरंच मटण उरलं. सोमवारी आमच्यात खात नाहीत, सिद्धरामेश्वरांचा वार. त्यामुळे आज त्याला हात लावला.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा थँक्सगिव्हिंगचा सण आला, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. भलीमोठी टर्की भाजतात आणि ती उरतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने ते उरलेलं मांस बारीक चिरून, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि कांद्यासोबत बिडाच्या जाड तव्यात परतलं. खालून तांबूस कडक थर, आतून मऊ, वर अंडी. त्याला तिकडे हॅश म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच बारीक चिरणं असा आहे, असं तिने सांगितलं होतं.

ते आज आठवलं ते सासऱ्यांमुळे. मामंजी ८१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं, मटणाची मनापासून आवड, पण आता दाढा राहिल्या नाहीत. रविवारी त्यांनी रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्ली आणि फोडी हळूच नातवाच्या ताटात सरकवल्या. ते बघून मला फार वाईट वाटलं. मटण मसुरीएवढं बारीक केलं तर त्यांना खाता येईल, आणि पोरांनाही कुरकुरीत काहीतरी मिळेल असा विचार होता.

केलं ते असं. रस्सा गरम करून फोडी काढल्या, हाडं वेगळी केली, मटण बारीक चिरलं. बटाटे कुकरला ३ शिट्ट्या. सासूबाईंचा बिडाचा १० इंची तवा आहे, त्यात तेल घालून कांदा, बटाटा, मटण सगळं एकदम टाकलं आणि कालथ्याने परतत राहिले. कालथा फिरवला की बटाट्याची कड तव्यालाच चिकटून राहायची. खाली मसाल्याची काळी पापडी धरली, ती सुटून वर मिसळली. वरचा भाग ओलाच. चव कडवट. मामंजींनी दोन घास खाल्ले, "चांगलं झालंय गं" म्हणाले आणि ताटली बाजूला ठेवली.

निम्मं मटण मी आधीच फ्रीजरला टाकलं होतं, तेवढं वाया घालवायचं नाहीये. थर का धरत नाही? काळ्या मसाल्यातल्या मटणाचं हे होतच नाही का, की माझं काही चुकतंय? उद्या बुधवार आहे, परत करून बघायची इच्छा आहे. गुरुवारी पुन्हा खाणं नाही.

विजापूरवेस

ताई, होतं. गडबड पाण्याची आहे. पाणी १०० अंशांला उकळतं, आणि पदार्थात ओल आहे तोवर तो त्याच्या वर तापत नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. तुमच्या मटणाला रस्सा लागलेला, बटाट्याने कुकरमध्ये पाणी प्यालेलं, कांदाही कच्चा. तव्यावर सगळं वाफलं, भाजलं नाही.

करपलं ते मटण नव्हे, मसाला. आपल्या काळ्या मसाल्यात खोबरं, कांदा आधीच काळपट होईपर्यंत भाजलेला असतो. तो दुसऱ्यांदा कोरड्या तव्याला लागला की कडूच होणार. म्हणून रस्सा कोमट करा, फोडी काढून मसाला निपटून घ्या. रस्सा वेगळ्या पातेल्यात आटवून चटणीसारखा घट्ट करा आणि अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या आधी, २ चमचे वरून घाला. चव सगळी त्यातच आहे.

सीनाकाठ

मेस चालवते, १४ वर्षं झाली. बटाट्याचं सांगते. कुकर नको. अर्ध्या इंचाच्या फोडी करा, खारट पाण्यात उकळा, पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. चिंच आधी पडली की डाळ शिजत नाही, तसंच हे. आंबट पाण्यात बटाट्याची कड फुटत नाही. सुरी थोडी अडखळत गेली पाहिजे, तेव्हाच चाळणीत ओता. मग पंच्यावर पसरून वाफ जाऊ द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, झाकण न लावता. गार झालेल्या बटाट्यातला स्टार्च आवळतो, सकाळी फोड तव्यात मोडत नाही. म्हणजे आज रात्रीच उकडून ठेवा, उद्या सकाळी ऐनवेळी करू नका.

आणि एक विचारते, राग मानू नका. घरात वयस्कर माणूस आहे म्हणून. रविवारी मटण फ्रिजमध्ये किती वाजता गेलं?

जुळे_सोलापूर

राग कसला, बरं झालं विचारलंत. ९ वाजता पंगत बसली, साडेदहाला उथळ डब्यांत काढून आत ठेवलं.

सीनाकाठ

मग काळजी नाही. शिजलेलं मटण २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मात्र तासाभराच्या वर ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडची उष्णता तुम्हाला माहीत आहे. पातेलंभर रस्सा तसाच ठेवला तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणून उथळ डबे केलेत ते उत्तम. फ्रीजरमधलं आता खालच्या कप्प्यात काढा, ओट्यावर नको. उद्या एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करा. पुन्हा पुन्हा तापवायचं नाही.

बिडाचा_तवा

वरचं दोन्ही बरोबर. आता हात आवरा ताई, लई ढवळायलाव तुम्ही.

तवा आधी नीट तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे. कांदा अगोदर वेगळा परतून बाजूला काढा. मग ३ चमचे तेल, बटाट्याचा एकच थर, कालथ्याने हलकं दाबा आणि ५-६ मिनिटं अजिबात हात लावू नका. थर तयार झाला की तो आपोआप तवा सोडतो. सोडत नसेल तर अजून झाला नाही, ओरबाडू नका. मग थराची एकेक चकती उलटा, सगळा थर एकदम नको. मटण आणि कांदा आता घाला, पुन्हा दाबा, पुन्हा ५ मिनिटं. अर्धा किलो बटाट्याला पाव किलो मटण, त्याहून जास्त घातलं तर तवा गार पडतो.

मामांसाठी : शेवटी चमच्याने ४ खळगे करा, अंडी फोडा, झाकण ठेवा, ३-४ मिनिटं. त्यांचं वाढताना मधला मऊ भाग आणि अंडं घ्या, वरून दोन पळ्या रस्सा. कडेचा कुरकुरीत थर पोरांना. एकाच तव्यात दोघांचं होतं.

विजापूरवेस

आमच्या आईची पद्धत सांगतो. बटाटा कमी आणि कडक भाकरीचा चुरा. मटणाची हाडं काढायची, तेलात परतायचं आणि उतरवताना कडक भाकरी हाताने मोडून टाकायची. तिच्यात ओल नसते, म्हणून मटणाचं सगळं तेल पिऊन घेते आणि कुरकुरीत राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची मिळाली तर बघायलाच नको. मामांना रश्श्यात भिजवून द्या.

जुळे_सोलापूर (बुधवार, दुपारी)

झालं. मनापासून आभार सगळ्यांचे.

बटाटे रात्री उकडले, सकाळी हाताला कोरडे लागत होते. तव्यात पडल्यावर आधी मोठा चर्रर्र आवाज आणि वाफ. चार-पाच मिनिटांनी तो आवाज बारीक झाला, कोरडा तडतड. तोवर कालथा मुद्दाम ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. मग एका कडेला टोक घातलं तर अख्खी चकती उचलून आली, खालून भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग. कुठेच चिकटलं नाही. आटवलेला रस्सा शेवटी घातला, कडवटपणा नावाला नाही. निम्म्या तव्यावर कडक भाकरीचा चुरा टाकला, तो पोरांनी भांडून संपवला.

मामंजींना मधला भाग, अंडं आणि रस्सा दिला. तोंडात घोळवून घोळवून सावकाश खाल्लं. "मटण लागतंय गं तोंडाला," म्हणाले. मग ताटली बोटाने पुसून घेतली आणि उरलेलं संध्याकाळी खातो म्हणाले. पण एकदाच तापवायचं सांगितलंय म्हणून संध्याकाळसाठी मी निम्मं मटण न तापवता फ्रिजमध्येच ठेवलं होतं, तेच ताजं करून देईन.

एक राहिलंच. तवा घासून पालथा घातला तर मधोमध तांबूस ठिपके दिसतायत. गंज आहे का?

बिडाचा_तवा

हो, गंजच. घाबरू नका. जाड्या मिठाने आणि तेलाच्या फडक्याने चोळून काढा, धुऊन लगेच गॅसवर कोरडा करा, मग तेलाचं बोट फिरवून धूर निघेपर्यंत तापवा. ओला पालथा घालायचा नाही कधी.