मदत हवी आहे : विद्युतचुंबकाच्या गाभ्याची तुलना कशी करावी?

नववीतल्या मुलांसाठी विद्युतचुंबकाचा प्रयोग बसवत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे एकच वेटोळे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळले असून, प्रवाह तोच ठेवून त्यात सारख्या मापाचे गाभे आळीपाळीने सरकवतो. ॲल्युमिनियमची कांडी आणि रिकामी नळी यांत फरक दिसत नाही, हे अपेक्षितच आहे. साधा लोखंडी बोल्ट टाचण्यांचा झुबकाच उचलतो. कडक पोलादाचा बोल्टही उचलतो, पण प्रवाह बंद केल्यावर त्याच्या टोकाला काही टाचण्या लोंबत राहतात, आणि मुलांना नेमके तेच सर्वांत जास्त आवडते.

अडचण जुन्या रेडिओतल्या फेराइटच्या (लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या चुंबकीय सिरॅमिकच्या) कांडीची आहे. फेराइट साधारण 0.4 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) संपृक्त होते (म्हणजे त्यापुढे प्रवाह वाढवूनही त्याचे चुंबकत्व फारसे वाढत नाही) आणि लोखंड सुमारे 2 टेस्लाला, तरीही माझ्या मांडणीत दोन्ही जवळपास सारख्याच टाचण्या उचलतात. प्रवाह कमी असल्याने फेराइट संपृक्ततेपर्यंत पोहोचतच नाही, आणि सरळ कांडीची टोके उघडी असल्याने चुंबकीय रेषांचा हवेतला परतीचा मार्गच सगळे ठरवतो, त्यामुळे पदार्थांच्या पार्यतेतला (चुंबकीय रेषा स्वतःतून सहज जाऊ देण्याच्या क्षमतेतला) फरक झाकला जातो, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का? नालाच्या आकाराचा गाभा घेऊन दोन्ही टोकांवर लोखंडी पट्टी बसवल्यास फरक स्पष्ट दिसेल का?

दुसरे असे की, साधा बोल्ट लालबुंद तापवून राखेत सावकाश निववल्यास त्यात उरणारे चुंबकत्व डोळ्यांना जाणवेल इतके घटते का? जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवल्यास विषारी धूर निघतो, म्हणून बिनमुलाम्याचाच घेणार आहे.