अलर्ट आणि वॉर्निंग एकच कसे?

करवीरकाठ:
गल्लीच्या ग्रुपवर एकानं टाकलंय, "अलर्ट म्हणा नाहीतर वॉर्निंग, पाऊस तेवढाच पडणार. उगं कीस पाडू नका." राहवेना म्हणून लिहितोय. हवामान खात्याचं साधं आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे अलर्ट, तयारीत राहा. रेड म्हणजे वॉर्निंग, हालचाल करा. अलर्टला वैरण माळ्यावर टाकायची, वॉर्निंगला जनावरं बाहेर काढायची. टीव्हीवाले सगळ्यालाच 'रेड अलर्ट' म्हणतात. 2019 च्या पुरात आमचे मामा कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीत 'नुसता अलर्ट आहे' म्हणत थांबले. दोन म्हशी गेल्या. मामी अजून त्या गोठ्यात जात नाही.

शाहूपुरीवाला:
म्हशींचं वाईट वाटलं, पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी, तीच वॉर्निंग, आणि 43 ला धोका. म्हणजे पावसाची वॉर्निंग शेवटची पायरी आणि नदीची पहिली! मामांनी कुठली धरायची? आम्ही शब्द बघत नाही, फूट बघतो.

शिरोळकर:
शब्द ठेवा बाजूला. कर्नाटकवाले कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायला निघालेत, त्यावर बोला की.

शाहूपुरीवाला:
पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनं 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. अहवाल वाचा आधी.

शिरोळकर:
अहवाल तुम्हीच वाचा! आमच्या घरातलं पाणी आठवडाभर हललं नाही. भिंतीला हात लावला की माती हातात यायची. समिती आली नव्हती चिखल काढायला. अलमट्टीमुळं पाणी पुढं सरकत नाही हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

शाहूपुरीवाला:
आणि नदीकाठी भराव टाकून प्लॉट पाडले ते कर्नाटकनं का? कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला पाणी येतं ते अलमट्टीमुळं?

शिरोळकर:
शहरवाल्यांनी शिरोळला शिकवू नये.

करवीरकाठ:
अहो, दर पावसाळ्यात हेच भांडण! नदीच्या वॉर्निंगचं तुमचं बरोबर आहे, घ्या. पण त्यानं माझाच मुद्दा पक्का होतो. कुठली वॉर्निंग, पावसाची का नदीची, हे प्रत्येक मेसेजात लिहा.

चिखलीची सून:
आमच्यात भोंग्यावर दोन्ही शब्द नसतात. "पाणी वाढायलंय, जनावरं सोडा" एवढंच सांगतात. सासूबाईंना तेवढं पुरतं.

करवीरकाठ:
वहिनी, भोंगा वाजेपर्यंत रस्ता पाण्याखाली गेलेला असतो. माणूस आधी मोबाईलच बघतो.

शाहूपुरीवाला:
मग मोबाईलवर फूट टाका.

शिरोळकर:
आणि अलमट्टीचा विसर्गपण टाका.