स्टीव्हिया: एकाच वाफ्यात गोड-कडू रोपं, बी धरू की टिश्यू कल्चर?

बारामतीकर: बियाण्यापासून केलेली साठेक स्टीव्हियाची, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पानांच्या झाडाची, रोपं आहेत. परवा प्रत्येकाचं पान चावून पाहिलं. कोपऱ्यातलं एक झाड निखळ गोड, बाकीच्यांची गोडी मागून कडवट होते. त्या एका झाडाचं बी धरलं तर तशीच रोपं मिळतील का, की टिश्यू कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत झाडाच्या तुकड्यापासून रोपं, करून घेऊ?

लॅबवाली ताई: दादा, बी धरू नका. स्टीव्हियाला स्वतःचे पराग चालत नाहीत, म्हणजे तुमच्या गोड झाडाच्या बीचा बाप शेजारचं कुठलंतरी कडवट झाड असणार. शिवाय बरंचसं बी पोकळच निघतं.

कडवटपणा बहुतेक पानातल्या स्टीव्हिओसाइड या गोड द्रव्याचा असतो. रेबाउडिओसाइड-ए हे दुसरं गोड द्रव्य जास्त असलं की चव स्वच्छ लागते. पण दोन-तीन पानांनंतर जीभ फसते. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तेच झाड पुन्हा चाखा, जमलं तर पानं एचपीएलसी तपासणीला द्या, त्यात कुठलं द्रव्य किती ते मोजून कळतं. खात्री पटली की आधी छाट कलमं करून ठेवा. मूळ झाड एकच आहे, ते गेलं तर सगळंच गेलं.

बारामतीकर: कलमं लावली, पण झाडाला कळ्या आल्यात. ताई, लॅबसाठी काय घेऊ?

लॅबवाली ताई: कळ्या खुडून टाका. दिवस साधारण तेरा तासांहून लहान झाला की हे झाड फुलतं, आणि आपल्याकडे जूनमध्येही दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. मातृझाडावर संध्याकाळनंतर बल्ब लावा, म्हणजे कोवळी फूट येत राहील. त्या फुटीची पेरं घ्यायची. ती बाटलीत एमएस माध्यमात, म्हणजे रोपाला लागणाऱ्या क्षार-पोषकांच्या मिश्रणात, वाढवतात. त्यात बीएपी हे फुटवे आणणारं संप्रेरक घालतात, पण हात आखडून. मी पहिल्या वेळी फुटवे वाढावेत म्हणून ते दुप्पट केलं होतं. बाटल्या गच्च भरल्या, पण पानं काचेसारखी पाणचट, चिमट्यात धरली की चुरायची. एकालाही मुळं फुटली नाहीत. मुळांसाठी निम्म्या ताकदीचं एमएस पुरतं.

सातारचा शेतकरी: आणि बाटलीतून काढल्यावर? माझी रोपं तिथेच मेली.

लॅबवाली ताई: मुळांना चिकटलेलं अगार, म्हणजे माध्यमाची जेली, कोमट पाण्यात पूर्ण धुवा, नाहीतर बुरशी तिथूनच धरते. कोकोपीटचा ट्रे, वर प्लॅस्टिकचं झाकण, आणि झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडायचं. बाटलीतल्या पानाला कोरडी हवा माहीतच नसते, एकदम उघड्यावर आणलं की दुपारपर्यंत मान टाकतं. शेतात काळी जमीन असेल तर गादीवाफेच करा. हे मूळचं पॅराग्वेच्या अमाम्बाय भागातलं झाड, ओल हवी पण पाणी साचलेलं अजिबात सोसत नाही.

बारामतीकर, दुसऱ्यांदा चाखल्यावर काय लागलं ते नक्की कळवा.