रस्ट-पायथनचं व्हील डेबियन ११ वर इम्पोर्ट होत नाही

प्रश्न: उबुंटू २२.०४ वर मॅच्युरिनने (रस्ट कोडचं पायथन पॅकेज बनवणारं टूल), कम्पॅटिबिलिटी ‘लिनक्स’ ठेवून माझ्या रस्टमधल्या पायथन मॉड्यूलचं व्हील (इन्स्टॉल करायला तयार पॅकेज) बिल्ड केलं. डेबियन ११ वर पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) निमूट इन्स्टॉल केलं, पण इम्पोर्ट करताच ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’. सर्व्हरवरची जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अपग्रेड करू का?

उत्तर १: अजिबात नको, अख्खी सिस्टिम तिच्यावर उभी आहे. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. जुन्या जीलिबसीवर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, उलट चालेलच असं नाही. व्हीलच्या नावातल्या नुसत्या ‘लिनक्स’ टॅगमध्ये जीलिबसीची आवृत्तीच नसते, म्हणून पिप अडवत नाही. मेनीलिनक्स२०१४ (बहुतेक लिनक्सवर चालणाऱ्या व्हीलचं मानक) च्या डॉकर इमेजमध्ये बिल्ड करा, तिथे २.१७ आहे. नंतर ‘ऑडिटव्हील शो’ या कमांडने टॅग नक्की तपासा.

उत्तर २: डॉकर नको असेल तर झिग (जुन्या जीलिबसीसाठीही लिंक करू शकणारा कंपायलर) इन्स्टॉल करून मॅच्युरिनला ‘--झिग’ आणि कम्पॅटिबिलिटी मेनीलिनक्स२०१४ द्या. पायओ३ (रस्ट-पायथन जोडणारी लायब्ररी) मध्ये ‘एबीआय३-पीवाय३८’ फीचर लावलंत तर ३.८ पासून पुढच्या नेहमीच्या सीपायथनला (पायथनचा मुख्य इंटरप्रिटर) एकच व्हील पुरतं.

प्रश्नकर्ता: डॉकरमध्ये आता बिल्ड-स्क्रिप्टच (कंपाइल होण्याआधी चालणारा छोटा प्रोग्राम) तीच जीलिबसीची एरर देतेय!

उत्तर १: होस्टवरचं ‘टार्गेट’ फोल्डर माउंट झालंय. कार्गो (रस्टचं बिल्ड टूल) तिथली आधी उबुंटूवर कंपाइल झालेली बिल्ड-स्क्रिप्ट पुन्हा वापरतो. कंटेनरसाठी कार्गो-टार्गेट-डिर वेगळं ठेवा.