नोकरीनंतर एक वर्षाचं एमबीए: सुरुवात कुठून?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात उत्पादन विभागात ७ वर्षं झाली. इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी) आणि आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या पीजीपीएक्स अभ्यासक्रमाला अर्ज करायचाय. आधी काय करू? अर्जातल्या निबंधात कारखान्याचं काय लिहू?

उत्तर १: आधी जीमॅट, म्हणजे प्रवेशासाठीची परीक्षा, भाऊ. आता सव्वादोन तासांची आहे: क्वांट (गणित) २१, व्हर्बल (इंग्रजी) २३, डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेख वाचून उत्तरं) २० प्रश्न, प्रत्येकी ४५ मिनिटं. इंजिनिअर मंडळी क्वांटवरच महिने घालवतात आणि डेटा इनसाइट्समध्ये गुण गमावतात. तिन्हींचं वजन सारखंच आहे. गुण २०५ ते ८०५. जुन्या जीमॅटच्या गुणांच्या तक्त्यांशी ताडू नका, आताचे ६४५ म्हणजे साधारण जुने ७००.

उत्तर २: निबंधात ‘टीम सांभाळली’ एवढ्यानं काही कळत नाही. नळीची जाडी कमी-जास्त होऊन किती माल भंगारात जायचा, तुम्ही नेमकं काय बदललं, विरोध कुणी केला, नंतर आकडा किती झाला, ते लिहा. वाचणारा प्लास्टिकमधला नसतो, म्हणून एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या यंत्राची) माहिती एका वाक्यात उरका.

शिफारसपत्र रोजचं काम पाहणाऱ्या साहेबांचंच घ्या, मालकांच्या मोठ्या नावासाठी नको. ‘तूच लिहून आण, सही करतो’ म्हणाले तर तसं करू नका. भाषा निबंधासारखीच निघते आणि अर्जाचा विश्वास जातो. कामांचे मुद्दे एका पानावर द्या, लिहू द्या त्यांना.

उत्तर ३: एक राहिलं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं. जीमॅटची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानंच करा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात.