मॉरोविंड पहिल्यांदाच खेळणाऱ्याने मॉड किती घालावेत? आणि लढाईला हात लावावा का?

पंचगंगेचा_वाटाड्या (धागा सुरू)

मॉरोविंड म्हणजे तलवारी-जादूच्या जगातला जुना भूमिकेचा (आरपीजी) गेम, आणि मॉड म्हणजे गेममध्ये खेळाडूंनीच केलेले बदल. आपल्या कोल्हापूरच्या गटात कुणी ना कुणी विचारतंच, “मॉरोविंड घेतलाय, मॉड कुठले घालू?” लगेच कुणीतरी दोनशे मॉडची यादी पुढे सरकवतं. नवखा तीन रात्री डाउनलोडमध्ये घालवतो, चौथ्या रात्री गेम सुरूच होत नाही, पाचव्या रात्री तो दुसरंच काहीतरी खेळत असतो. म्हणून माझं मत आधीच मांडतो: पहिल्या खेपेला चारच गोष्टी, आणि लढाईचे नियम बदलणारा एकही मॉड नको.

पहिली गोष्ट ओपनएमडब्ल्यू. हा खरं तर मॉड नव्हे, २००२ च्या गेमचं इंजिनच, म्हणजे गेम चालवणारा गाभाच, नव्याने लिहिलेलं आहे. मूळ गेमच्या फायली लागतातच. इन्स्टॉल करताना तो मॉरोविंडचं फोल्डर विचारतो आणि जुन्या सेटिंग स्वतः उचलतो. दुसरी, पॅच फॉर प्युरिस्ट्स. चुका दुरुस्त करतो, खेळाची चव बदलत नाही. तिसरी, मॉरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच. जुनी थ्रीडी मॉडेलं नीट बांधून देतो, त्यामुळे बाल्मोरासारख्या गर्दीच्या गावात फ्रेम कमी पडून चित्र अडखळतं तो त्रास हलका होतो. चौथी, ग्राफिक हर्बॅलिझम. मूळ गेममध्ये प्रत्येक झाड म्हणजे एक पेटी, उघडा आणि आतून पानं काढा. या मॉडने एका क्लिकमध्ये खुडणं होतं आणि खुडलेलं झाड खुडलेलंच दिसतं. ओपनएमडब्ल्यूमध्ये याची सोय आतच आहे, फक्त मॉडेलं लागतात. म्हणून डाउनलोड करताना ओपनएमडब्ल्यूची आवृत्ती घ्या.

चार म्हणालो खरं, पण पाचवा राहिला. ट्रायब्युनल विस्तारामुळे पहिल्याच पातळीवर झोपलात तरी डार्क ब्रदरहूड या टोळीचा मारेकरी अंगावर येतो. हा हल्ला पुढे ढकलणारा एक छोटा मॉड आहे, तो घाला.

आता नवखे चुकतात ती जागा. मॉड मूळ डेटा फोल्डरमध्ये ओतू नका. प्रत्येकाला वेगळं फोल्डर, आणि ओपनएमडब्ल्यूच्या कॉन्फिग फाईलमध्ये (डॉक्युमेंट्स, माय गेम्स, ओपनएमडब्ल्यू) प्रत्येक फोल्डरची एक डेटा ओळ. दोन मॉडमध्ये एकच फाईल असेल तर खालची ओळ जिंकते. झिप उघडल्यावर मेशेस (मॉडेलं) आणि टेक्स्चर्स (त्यांवर चढवायची चित्रं) ही फोल्डरं लगेच दिसली पाहिजेत. फोल्डरात फोल्डर, त्यात परत फोल्डर असं झालं आणि ओळीत बाहेरच्याच फोल्डरचा पत्ता दिला, तर गेम कुरकुर न करता सुरू होतो आणि मॉड मात्र दिसत नाही. शेवटी लाँचरमध्ये प्लगइनवर (मॉडची मुख्य फाईल) टिक. ही टिक विसरूनच निम्मे लोक “मॉड चालत नाही” म्हणून ओरडतात.


मोडाची_मटकी

वाटाड्या, यादी झकास आहे, पण ज्या दुखण्यानं पेशंट जातो त्यावर औषधच नाही हो. झाड खुडलेलं दिसत नाही म्हणून मॉरोविंड कुणी सोडलाय का? लोक सोडतात ते पहिल्या खेकड्यापाशी. तलवार त्याच्या टाळक्यातून आरपार जाताना दिसते, आवाज येतो फक्त हवेचा, आणि आठ वार करून एकही लागत नाही. आजच्या पोराला हा गेमच बिघडलाय असं वाटतं. तुमचे पाचही मॉड घालून त्याचा हा पहिला अर्धा तास तसूभर बदलत नाही. प्रत्येक वार लागणारा मॉड घाला आणि पोराला पुढं जाऊ द्या. जुन्याचा मान राखायला दुसरी खेप आहेच की.


रंकाळा_रात्री_बारा

हवेचा आवाज कुठून येतो ते आकड्यांत बघू, मग ठरवा.

वार लागण्याची शक्यता अशी निघते. शस्त्राचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा. या बेरजेला दमाच्या गुणकाने गुणायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर गुणक १.२५, रिकामी असेल तर ०.७५. त्यातून समोरच्याची चपळाई आणि नशीब याच पद्धतीने काढून वजा करायचं.

नवखा काय करतो? सुरुवातीच्या कचेरीत मिळालेला लोखंडी खंजीर उचलतो, भले छोट्या पात्याचं कौशल्य त्याने निवडलेलंच नसेल. म्हणजे कौशल्य ५. चपळाई ४०, नशीब ४० धरा: ५ + ८ + ४ = १७. शत्रूपर्यंत धावत जातो, पट्टी रिकामी: १७ × ०.७५ = १२.७५. समोरचा तेवढ्याच चपळाईचा आणि ताजातवाना असेल तर त्याचे १२ × १.२५ = १५ वजा. उत्तर शून्याखाली. म्हणजे एकही वार लागणं शक्यच नव्हतं.

आता रेडगार्ड हा वंश घ्या, लढाईवर भर देणारा वर्ग, लांब पातं मुख्य कौशल्यात. ३० मुख्य कौशल्याचे, १५ वंशाचे, ५ वर्गाचे, एकूण ५०. वॉरियर या जन्मराशीचे हल्ल्याला १० वेगळे. ५० + ८ + ४ = ६२, भरल्या दमाने ७७.५, राशीचे १० धरून ८७.५, वजा १५. साडेबहात्तर टक्के. तोच गेम, तोच शत्रू, मॉड शून्य.

खासबागेत पळत येऊन धापा टाकत कुस्तीला उभा राहिला तर कुठला पैलवान जिंकेल? कॅप्स लॉक दाबून धावणं बंद करा, शत्रूजवळ चालत जा. पट्टी रिकामी झाली तर ब्रेड किंवा सॉल्टराइस खाल्ला तरी थोडा दम भरतो. (पाव आहे, कट मिळणार नाही.) आणि सेटिंगमध्ये “नेहमी सर्वोत्तम हल्ला” चालू करा, नाहीतर भोसकायच्या शस्त्राने पोरं झोडपत बसतात.


मोडाची_मटकी

बारा, हिशोबाला सलाम. पण बघा, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. हे सगळं गेम कुठं सांगतो? पात्र बनवताना वंश, वर्ग, राशी निवडायला लावतो आणि या निवडींचा वार लागण्याशी काय संबंध ते गुलदस्त्यात. पंधरा मिनिटं चुकीचं पात्र बनवलं की पुढचे दहा तास भोगा. एवढं गणित करून खेळणाऱ्याला मॉड लागतच नाही, हे मान्य. ज्याला लागतो त्याचं काय? आणि कुणी “कठीणपणाची पट्टी खाली करा” असं सांगायला येण्याआधीच सांगतो, ती पट्टी इजा कमी-जास्त करते, वार लागण्याची शक्यता नाही. उणे शंभरवर नेली तरी हवेचा आवाज तोच.


कट_वाढा_जरा

मटकीचं निदान बरोबर, औषध चुकीचं. मॉरोविंडमध्ये शस्त्रकौशल्याचं काम एकच, वार लागणं. इजा किती होते ते शस्त्रावर, त्याच्या अवस्थेवर आणि ताकदीवर ठरतं (गुणक ०.५ अधिक ताकदीचा शंभरावा हिस्सा). कौशल्य त्यात कुठेच नाही. प्रत्येक वार लागायला लागला की कौशल्य ५ आणि कौशल्य १०० यांत फरकच राहत नाही. मग प्रशिक्षकाकडे सोनं का मोजायचं? पातळी वाढल्याचा आनंद कसला? शिवाय कौशल्य वाढतं ते लागलेल्या वारावर, म्हणजे तेही धावत सुटतं. शत्रूंनाही तोच नियम लावला तर पहिल्या गुहेत तीन डाकू मिळून तुमचा चुराडा करतात, कारण तुमच्या चपळाईचा बचावही गेला.

लढाई बदलायचीच असेल तर चुकलेल्या वाराच्या जागी कमी इजा देणारा, म्हणजे कौशल्यावर इजा ठरवणारा मॉड हवा. असे बरेच मॉड एमडब्ल्यूएसई या स्क्रिप्ट एक्स्टेंडरच्या (मूळ इंजिनला नव्या क्षमता जोडणारं साधन) लुआ भाषेत लिहिलेले आहेत आणि ते ओपनएमडब्ल्यूमध्ये चालत नाहीत. ओपनएमडब्ल्यूची लुआ वेगळी. त्यामुळे लढाईचं आधी ठरवा आणि मग इंजिन निवडा. वाटाड्याने इंजिन आधी निवडून टाकलं, तिथेच गाडी फसली.

मूळ इंजिनवर जायचं तर क्रम पाळा. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, सी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा. तिथे विंडोज फायली बदलायला आडकाठी करत नाही. मूळ गेम एकदा सुरू करून बंद करा. मग मूळ इंजिनच्या चुका दुरुस्त करणारा मॉरोविंड कोड पॅच चालवा. त्यानंतर एमजीई एक्सई हे ग्राफिक्स सुधारणारं साधन, त्याच्यासोबतच एमडब्ल्यूएसई येतं, ते अपडेट करा. शेवटी एमजीईमधून लांबचा प्रदेश तयार करा. पुढे जमीन किंवा गाव बदलणारा कुठलाही मॉड घातला की हा शेवटचा टप्पा पुन्हा करायचा. नाहीतर लांबून जुनं घर दिसतं आणि जवळ गेलं की नवं.

आणखी एक खोड. मूळ इंजिनमध्ये प्लगइनचा क्रम फाईलच्या तारखेवर ठरतो, आणि मूळ आर्काइव्ह फाईलची (गेमची चित्रं-मॉडेलं एकत्र बांधलेली फाईल) तारीख तुमच्या टेक्स्चरपेक्षा नवी असेल तर टेक्स्चर दिसतच नाही. ताज्या इन्स्टॉलवर हे बऱ्याचदा होतं. मॉड मॅनेजर वापरला तर तो हे सांभाळून घेतो, हाताने फायली टाकणारे अडकतात.


पंचगंगेचा_वाटाड्या

कट, तांत्रिक मुद्दा सोळा आणे खरा. पण तुमचा शेवटचा परिच्छेदच माझी बाजू मांडतोय. तारखा, आर्काइव्ह, दोन पॅच, लांबचा प्रदेश पुन्हा पुन्हा तयार करणं. हे नवख्याचं काम आहे? ओपनएमडब्ल्यूमध्ये क्रम मजकुरात लिहिलेला असतो, ओळ वर-खाली केली की झालं. घरातल्या साध्या लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतानाही तो चालतो. नजरेचा पल्ला गेमच्या मापात मुळात ७१६८ असतो. नकाशाचा एक चौकोन ८१९२ चा, म्हणजे एक चौकोनही पूर्ण दिसत नाही. लांबची जमीन चालू करून पल्ला २४५७६ केला की तीन चौकोन दिसतात आणि डोंगर धुक्यातून बाहेर येतात. चांगलं कार्ड असेल तर ६५५३६ पर्यंत न्या. सावल्या मात्र बंद ठेवा, साध्या मशीनला त्याच मारतात.

लढाईवर थोडा मागे सरकतो: बारांचा रेडगार्ड यादीच्या वर चिकटवून ठेवायला हवा. पण मॉड नको, यावर ठाम.


शाहूपुरी_चौथी_गल्ली

एवढा खटाटोप कशाला? २०२५ मध्ये ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड आलाय, तो घ्या आणि खेळा.


मोडाची_मटकी

तो गेम वेगळा भावा. आणि त्याला लागणारं कार्ड घेण्याच्या पैशात मॉरोविंड चालणारा जुना लॅपटॉप येईल.


रंकाळा_रात्री_बारा

दिसण्याच्या मॉडबद्दल कुणीच बोललं नाही, आणि बिघडतं सगळ्यात जास्त तिथेच.

गवत. गवताच्या मॉडचं प्लगइन इतर प्लगइनसारखं टिक करू नका. ओपनएमडब्ल्यूमध्ये त्याला वेगळी ग्राउंडकव्हर ओळ असते आणि सेटिंगमध्ये ग्राउंडकव्हर चालू करावं लागतं. साधी टिक केली तर प्रत्येक गवताचं पातं एक वस्तू म्हणून लोड होतं आणि फ्रेम दहावर येतात. मग दोष कार्डाला.

टॅमरिएल रिबिल्ट. मुख्य भूमी जोडणारा, वर्षानुवर्षं चाललेला प्रचंड प्रकल्प. नवख्याला पहिल्या दिवशी त्याची गरज नाही, मूळ बेटच महिनाभर पुरतं. घातलाच तर टॅमरिएल डेटा वेगळा डाउनलोड करावा लागतो आणि त्याच्या आर्काइव्ह फायली नोंदवाव्या लागतात. पिवळं उद्गारचिन्ह हवेत तरंगताना दिसलं की समजायचं, मॉडेल सापडलं नाही. दहापैकी नऊ वेळा ही नोंदच राहिलेली असते.

टेक्स्चर. मूळ चित्रंच मोठी करून दिलेला एकच पॅक घ्या, उदाहरणार्थ इंटेलिजंट टेक्स्चर्स. पाच वेगवेगळ्या लोकांचे पॅक मिसळले की भिंत एका गावची आणि दार दुसऱ्या गावचं दिसतं.

एफ टू दाबून शेडर (चित्रावर चढवायचे प्रकाश-रंगाचे परिणाम) चालू करण्याचा मोह साध्या लॅपटॉपवर आवरा.


उजळाईवाडी_विमानतळ

वाचतोय. खेळ अर्धा झाल्यावर मॉड काढला किंवा घातला तर काय होतं?


कट_वाढा_जरा

टेक्स्चर, मॉडेल, गवत: कधीही घाला, कधीही काढा, सेव्हला काही होत नाही. नव्या वस्तू किंवा माणसं आणणारा मॉड काढला तर त्या वस्तू पिशवीतून जातात आणि अर्धवट राहिलेली कामं लटकतात. सगळ्यात वाईट गावं बदलणारे मॉड. ज्या गावात तुम्ही आधी जाऊन आलात तिथे हललेली माणसं आणि वस्तू सेव्हमध्ये जुन्या जागी नोंदलेल्या असतात. नवी भिंत आली की दुकानदार भिंतीत उभा. म्हणून गावांचे मॉड नवा खेळ सुरू करण्याआधीच. आणि कुठलाही मॉड हलवण्याआधी सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, दहा सेकंदाचं काम आहे.


मोडाची_मटकी

ठीक. मी माझी मागणी बदलतो. प्रत्येक वार लागणारा मॉड नको, पटलं. कौशल्याला अर्थच उरत नाही हे लक्षात आलं नव्हतं. पण “काहीच नको” हेही नाही पटत. ज्याला मारामारी आवडते त्याला मूळ इंजिन आणि कौशल्यावर इजा ठरवणारा मॉड द्या. ज्याला गोष्ट आणि फिरणं आवडतं त्याला वाटाड्याचे पाच. विचारणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करायचा. नुसती यादी फेकायची नाही.


पंचगंगेचा_वाटाड्या

प्रश्न विचारायला हरकत नाही. तरी ज्याला मारामारी आवडते त्यालाही मी आधी रेडगार्ड देऊन, दम राखून दोन तास खेळायला सांगेन. सेदा नीनमधून बाल्मोराला चालत न जाता सिल्ट स्ट्रायडरने (प्रवासी वाहून नेणारा अवाढव्य किडा) जाऊ दे, आणि बाल्मोराला पोचल्यावरही हवेचा आवाज खटकत असेल तर कटचा क्रम उघडा.


मोडाची_मटकी

दोन तास नाही, एक. पैज लावता काय?