नागरिकत्वाच्या अर्जासाठी प्रवासाच्या तारखा: जुन्या कशा शोधाव्यात, पुढच्या कशा नोंदवाव्यात?

प्रश्न: उत्तरवारा

नमस्कार. मी कॅनडात पीआर (कायमस्वरूपी रहिवासी) असून नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी करत आहे. अर्जावर सही करण्याच्या तारखेआधीच्या ५ वर्षांत किमान १०९५ दिवस देशात प्रत्यक्ष राहिल्याचे दाखवावे लागते, आणि पीआर मिळण्यापूर्वी विद्यार्थी किंवा कामाच्या परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत, हे मला ठाऊक आहे. अडचण तारखांची आहे. या ५ वर्षांच्या मध्येच पासपोर्टचे नूतनीकरण झाले, कित्येकदा विमानतळावर शिक्का मारलाच गेला नाही, आणि अमेरिकेत मोटारीने जाऊन आल्याच्या खुणा तर पासपोर्टवर कुठेच नाहीत. या जुन्या तारखा विश्वासाने कशा ठरवाव्यात? शिवाय माझी पत्नी काही काळानंतर अर्ज करणार आहे, तेव्हा तिच्या नोंदी आतापासून कशा ठेवाव्यात? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १: मैलकुली

पासपोर्टवरील शिक्क्यांना मुख्य पुरावा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडा देश सोडताना शिक्का मारत नाही, आणि युरोपातल्या शेंगेन देशांतही (आपसांत सीमेवर तपासणी नसलेला देशांचा गट) १२ ऑक्टोबर २०२५ पासून अल्पकाळ येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. तेव्हा सुरुवात सरकारी नोंदींपासून करावी. कॅनडाच्या सीमा सेवा विभागाकडे माहितीच्या अधिकाराखाली आपल्या येण्याजाण्याचा अहवाल मागता येतो, मात्र त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्जाच्या बराच आधी मागवावा. देशाबाहेर जाण्याच्या सर्व प्रवाशांच्या नोंदी जमिनीवरील सीमेसाठी २०१९ पासून आणि विमानप्रवासासाठी २०२० पासून होऊ लागल्या, त्यामुळे त्याआधीच्या काळात प्रवेशाची तारीख सापडते, पण बाहेर पडल्याची सापडेलच असे नाही. अमेरिकेच्या फेऱ्यांसाठी त्यांच्या आय-९४ (परदेशी प्रवाशांच्या येण्याजाण्याची सरकारी नोंद) संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास विनामूल्य दिसतो. तोही पडताळून घ्यावा, कारण रस्त्याने परतल्याची नोंद त्यात गळलेली असू शकते.

यानंतर खासगी कागद. येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा: तिकिटाच्या ईमेलवरून तिकीट काढले एवढेच सिद्ध होते, त्या दिवशी प्रवास झालाच असे नाही. विमानाची वेळ बदलते, तिकीट पुढे ढकलले जाते, आणि जुन्या ईमेलमध्ये मात्र पहिलीच तारीख राहते. म्हणून बोर्डिंग पास, परदेशात वापरलेल्या कार्डाचे विवरण, हॉटेलची पावती आणि फोनमधल्या छायाचित्रांवरची तारीख व ठिकाण, यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या तरच तारीख पक्की धरावी. जुना, रद्द केलेला पासपोर्ट जपून ठेवावा. अर्ज मंजूर होऊन शपथ होईपर्यंत तो हाताशी असलाच पाहिजे.

प्रतिसाद २: दोन_किनारे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण तारखा जुळवताना नेहमी होणारा एक घोटाळा सांगणे मला आवश्यक वाटते. अनेक जण परदेशात पोचल्याचा शिक्का पाहून तीच तारीख देश सोडल्याची तारीख म्हणून लिहितात. लांबच्या प्रवासात रात्रीचे विमान, मधला थांबा आणि वेळेतला फरक मिळून माणूस दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोचतो. आपल्या अनुपस्थितीचा हिशोब मात्र ज्या देशात अर्ज करायचा त्या देशाची सीमा आपण तिथल्या स्थानिक वेळेनुसार कधी ओलांडली, यावरून होतो. परतीच्या प्रवासातही हेच लागू आहे. शिवाय अमेरिकेतल्या कागदांवर महिना आधी येतो आणि इतर बहुतेक ठिकाणी दिवस, त्यामुळे ५ एप्रिल आणि ४ मे यांची अदलाबदल सहज होते. महिना अक्षरी लिहिला की हा प्रश्नच उरत नाही.

आपल्या पत्नीच्या नोंदींबाबत: दिवसांची संख्या लिहून ठेवू नये, तारखा लिहाव्यात. संख्या नियमावर अवलंबून असते आणि नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये निघण्याचा आणि परतण्याचा दिवस अनुपस्थितीत धरत नाहीत, फक्त मधले पूर्ण दिवस मोजतात. तिथे नागरिकत्वाच्या ५ वर्षांच्या मार्गात एकूण ४५० आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंतच बाहेर राहणे अपेक्षित असते, आणि मुदतीच्या अगदी पहिल्या दिवशी अर्जदार देशात असावा लागतो. अमेरिकेत ५ वर्षांतले एकूण दिवस पुरेसे असले तरी एकच प्रवास सहा महिन्यांपेक्षा लांबला, तर सलग वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाऊ शकते. तारखा अचूक असतील तर यांपैकी कोणताही हिशोब नंतर मांडता येतो.

नोंदवहीत निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, कोणत्या सीमेवरून किंवा विमानतळावरून, गेलेले सर्व देश, प्रवासाचे कारण आणि त्या वेळी कोणता पासपोर्ट वापरला, एवढे पुरे. ही नोंदवही प्रवासातून परत आल्याच्या दिवशीच भरावी आणि बोर्डिंग पासचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे, कारण प्रवास झाल्यावर काही दिवसांतच तो विमान कंपनीच्या ॲपमधून नाहीसा होऊ शकतो. एकाच दिवशी सीमेपलीकडे जाऊन आल्यास दिवस कमी होत नाही, तरीही ती फेरी नोंदवावी.

उत्तरवारा

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. सर्व शोधूनही एखाद्या फेरीची नेमकी तारीख सापडलीच नाही, तर काय करावे?

मैलकुली

ती फेरी वगळू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. उपलब्ध पुराव्यावरून जो कालावधी संभवतो, त्यातला आपल्याला कमी सोयीचा, म्हणजे अनुपस्थिती जास्त दाखवणारा पर्याय लिहावा आणि तारीख अंदाजे का आहे हे सोबतच्या पत्रात सांगावे. अधिकाऱ्यांकडे त्यांच्या स्वतःच्या नोंदी असतात आणि ते ताडून पाहतात. प्रामाणिक खुलासा दिलेली एका दिवसाची तफावत आणि लपवलेली फेरी या त्यांच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर कॅनडाच्या नागरिकत्व कायद्यानुसार ५ वर्षे नागरिकत्व मिळण्यास मनाई होऊ शकते. याच कारणाने १०९५ पूर्ण होताच अर्ज करण्याची घाई करू नये. जास्तीचे दिवस हाताशी ठेवून अर्ज करावा, असे कॅनडाचे नागरिकत्व खातेही सुचवते. अंदाजे तारखा असलेल्या फेऱ्या जितक्या अधिक, तितके हे जास्तीचे दिवस वाढवावेत आणि सही त्यानंतरच करावी.